मान सावरली, पण गळ्याचे काय?

मराठी भाषेने शरीराच्या एका वीतभर भागाला दोन नावे देऊन ठेवली आहेत. डोके आणि खांदे यांना जोडणारा हा भाग मागून पाहिला तर ती मान, आणि पुढून पाहिला तर तो गळा. दोघांचे संसारही निरनिराळे. मान डोलते, तुकते, शरमेने खाली जाते आणि अभिमानाने ताठ होते. गळा दाटून येतो, मोकळा होतो, गळ्यात गळे पडतात, आणि फारच झाले म्हणजे प्रकरण गळ्याशी येते. कण्याचा कारभार मानेकडे आणि आवाजाचा व घासाचा कारभार गळ्याकडे, अशी ही भावाभावांतली सरळ वाटणी आहे.

शल्यविशारदांनी मात्र ही वाटणी सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच मोडून काढली. मानेचे मणके दुरुस्त करायचे असले म्हणजे आज पुष्कळदा चिरा पडतो तो मानेवर नव्हे, गळ्यावर! शस्त्रक्रिया होते, रोगी घरी येतो, हाताच्या मुंग्या गेलेल्या असतात, रात्रीची झोप परत आलेली असते. घरची मंडळी देवापुढे पेढे ठेवण्याच्या बेतात असतात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की पाणी पिताना यांना ठसका लागतो आहे, घास घशाशी अडतो आहे, आणि आवाज तर ओळखूसुद्धा येत नाही. "ऑपरेशन मानेचे झाले, मग आवाज कसा गेला? डॉक्टरांनी काही भलतेच तर कापले नाही ना?" हा प्रश्न मग घरभर फिरू लागतो. बहुधा तो डॉक्टरांपर्यंत मात्र पोहोचत नाही.

मी वैद्य नव्हे. मराठी शिकवणारा माणूस आहे. पण ज्याचे पोट आवाजावर चालते त्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. म्हणून त्याविषयी जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

वाट पुढूनच का?

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर दर दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते. बोलीभाषेत आपण तिला 'गादी' म्हणतो. वयोमानाने किंवा इतर कारणाने ही गादी फुगते, फाटते, मागे सरकते. तिच्या मागेच मज्जारज्जू असतो आणि दोन्ही बाजूंनी हातांकडे जाणारे मज्जातंतू बाहेर पडत असतात. त्यांच्यावर दाब आला की हातातून कळा येतात, बोटे बधिर होतात, सदऱ्याची गुंडी लावता येईनाशी होते. दाब मज्जारज्जूवरच असला तर पाय अडखळू लागतात.

मानदुखीच्या प्रत्येक रोग्याला शस्त्रक्रिया लागते असे मुळीच नाही. हातात कळ येणाऱ्या पुष्कळ रोग्यांना विश्रांती, औषधे आणि व्यायाम यांनी काही आठवड्यांत उतार पडतो. परंतु मज्जारज्जू दबू लागला, हातापायांतील शक्ती कमी होऊ लागली, म्हणजे वाट पाहणे महागात पडते.

आता गादी सरकलेली असते ती मज्जारज्जूच्या पुढे. पाठीमागून तिच्यापर्यंत जायचे तर मध्ये मज्जारज्जू आडवा येतो, आणि त्याला हलवणे म्हणजे विस्तवाशी खेळ. पुढून गेले तर गादी थेट हाती लागते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी ही पुढची वाट १९५५ साली जगापुढे मांडली. होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी १९५८ साली आपली निराळी तऱ्हा प्रसिद्ध केली. खराब गादी काढायची, तिच्या जागी हाडाचा तुकडा किंवा कृत्रिम ठोकळा बसवायचा, आणि दोन मणके एकमेकांशी जुळू द्यायचे, असा हा बेत. पुढे त्यावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवण्याची रीत आली. अलीकडे काही रोग्यांत हलणारी कृत्रिम गादीही बसवतात.

ही वाट चांगली आहे यात शंका नाही. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. नैसर्गिक फटीतून आत शिरता येते. पण ही फट कुणाकुणाच्या मधून जाते ते पाहा! एका बाजूला डोक्याकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी. दुसऱ्या बाजूला श्वासनलिका, तिच्या मागे चिकटलेली अन्ननलिका आणि वर स्वरयंत्र. मणक्यांचे काम होईपर्यंत या सर्वांना हत्यारांनी बाजूला ओढून धरावे लागते. एखाद्या चाळीत मागच्या खोलीची भिंत दुरुस्त करायची म्हणून पुढच्या बिऱ्हाडातले सगळे सामान दोन तास भिंतीशी रेटून ठेवावे, तसाच हा प्रकार. सामान फुटत नाही. पण जागच्या जागी नीट बसायला त्याला वेळ लागतो.

लांबचा वळसा घेणारी तार

या बिऱ्हाडात एक अत्यंत नाजूक वस्तू आहे. स्वरयंत्रातील दोन पडदे, ज्यांना आपण स्वररज्जू म्हणतो, ते उघडमीट करतात म्हणून आपण बोलतो. त्यांना हालवणारा मज्जातंतू मेंदूकडून सरळ स्वरयंत्रात उतरत नाही. तो आधी छातीकडे जातो; डाव्या बाजूचा तर हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीला वळसा घालतो, आणि मग श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या खोबणीतून पुन्हा वर येतो. दादरहून परळला जायला निघालेल्या माणसाने आधी कुलाबा गाठावा आणि मग मागे फिरावे, असा हा प्रवास! जिराफाच्या लांब मानेत तर हा वळसा कित्येक फुटांचा होतो.

या तंतूचे महत्त्व माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने किंचाळणाऱ्या डुकराच्या गळ्यातील हे तंतू लोकांसमक्ष कापून दाखवले. डुक्कर धडपडत राहिले, पण त्याचा आवाज बंद झाला. आवाज हृदयातून निघतो असे मानणाऱ्या विद्वानांना ते चोख उत्तर होते.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत हा तंतू कापला जाणे क्वचितच घडते. बहुधा तो दबतो किंवा ताणला जातो. असे का होते, याचा एक उलगडा २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या नऊशे रोग्यांच्या पाहणीतून झाला. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात आणि ती जागी राहावी म्हणून तिच्या टोकाशी असलेला छोटा फुगा फुगवतात. पुढे गळा बाजूला ओढला जातो. पण फुग्यामुळे नळी जागची हलत नाही, आणि बिचारा तंतू हत्यार व फुगा यांच्या कात्रीत सापडतो. या डॉक्टरांनी साधीच युक्ती केली. हत्यारे बसवून झाली की फुग्यातली हवा सोडायची आणि पुन्हा बेताची भरायची. एवढ्याने तात्पुरत्या स्वरलुळेपणाचे प्रमाण शेकडा ६.४ वरून १.६९ वर आले. नऊशे रोग्यांपैकी स्वररज्जू कायमचा निकामी झाला तो तिघांचा.

'तिघांचा' हा शब्द आकडा म्हणून लहान आहे. त्या तिघांच्या घरी तो लहान नसणार.

उंच स्वरांसाठी स्वररज्जू ताणून धरणारा आणखी एक तंतू थोडा वर आहे. मानेच्या वरच्या मणक्यांवर काम असले तर त्याला जपावे लागते. त्याच्याशी अमेलिता गाल्ली-कुर्ची या इटालियन गायिकेचे नाव जोडले गेले आहे. १९३५ साली शिकागोत तिच्या गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि या तंतूला इजा होऊन तिचा जगप्रसिद्ध आवाज गेला, अशी कथा वैद्यकाच्या वर्गांतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. २००१ साली दोन शल्यविशारदांनी जुने पुरावे तपासून ही कथा खरी नसावी असे दाखवले. पण कथेने एक काम मात्र केले. गळ्यात सुरी घालताना कुणाच्या आवाजाशी आपली गाठ आहे, याची आठवण तिने डॉक्टरांना दिली.

घास आणि ठसका

आवाजापेक्षाही अधिक रोग्यांना त्रास होतो तो गिळण्याचा. मणक्यांच्या पुढच्या मऊ भागाला सूज येते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे अडीचशे रोग्यांना विचारले, तेव्हा महिन्यानंतर निम्म्यांना गिळताना काही ना काही अडचण होती. दोन महिन्यांनी हे प्रमाण एक-तृतीयांशावर आले, सहा महिन्यांनी शेकडा १८ वर, आणि वर्षाने शेकडा १२-१३ वर. सहा महिन्यांनंतर ज्यांचा त्रास मध्यम किंवा तीव्र म्हणावा असे शंभरात पाचच उरले. स्त्रिया आणि एकाहून अधिक गाद्यांची शस्त्रक्रिया झालेले रोगी यांना हा त्रास अधिक होतो, असेही आढळले.

या आकड्यांत धीर आहे आणि इशाराही आहे. धीर असा की बहुतेकांचे गाडे रुळावर येते. इशारा असा की निम्म्या लोकांना जे होते त्याला अपवाद म्हणता येत नाही. ते शस्त्रक्रियेआधीच घरात सर्वांना ठाऊक असायला हवे.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पाणी पातळ, म्हणून ते सोपे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ठसका लागतो तो पाण्याचाच. घास गिळताना स्वररज्जू घट्ट मिटून श्वासाची वाट बंद करतात. त्यातला एक लुळा असला तर फट राहते, आणि पळते पाणी त्या फटीतून वाट काढते. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनियाची भीती. म्हणूनच बसलेला आवाज आणि पाण्याचा ठसका ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर ती 'घसा धरला' म्हणून सोडून देऊ नयेत.

एका बाईंची हकीकत

माझ्या परिचयातील एक शिक्षिका आहेत. तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली. बोटांतून खडू निसटू लागला तेव्हा तपासण्या झाल्या, आणि मानेतील पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी काढावी लागली. हात सुधारला. आवाज मात्र वाऱ्यासारखा झाला. शब्द निघत, पण त्यांना वजन नसे. फोन त्यांनीच उचलला तरी पलीकडून "बाई आहेत का घरी?" अशी विचारणा होई. मग त्यांनी फोन उचलणेच सोडले.

घरची माणसे मायेची होती. "हात बरा झाला ना, मग आवाज आठ दिवसांत येईल," असे सगळे म्हणत. आठाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस झाले. बाई काही बोलेनात; हात वाचला असताना आवाजाची कुरकुर करणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीच्या गुळण्या सगळे झाले. ज्येष्ठमधाने घसा सुखावतो. पण लुळ्या पडलेल्या तंतूपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

शेवटी त्यांच्या सुनेच्या लक्षात आले की सासूबाई गेला महिनाभर सगळ्यांची जेवणे उरकल्यावर एकट्याच स्वयंपाकघरात बसून जेवतात. एका पोळीला त्यांना पाऊण तास लागत होता. चारचौघांत ठसका लागतो, पोरे हसतात, पाहुणे घाबरतात, म्हणून त्यांनी ही सोय शोधून काढली होती. सुनेने दुसऱ्याच दिवशी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. दुर्बिणीतून पाहिल्यावर उजवा स्वररज्जू हलत नसल्याचे दिसले. इलाज सुरू झाले, आणि पुढच्या सत्रात बाई गळ्यात छोटा ध्वनिवर्धक अडकवून पुन्हा वर्गात उभ्या राहिल्या.

या हकीकतीत कुणी खलपुरुष नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने आपले काम नीट केले होते. फक्त चाळीस दिवस सर्वांनी चांगल्या मनाने वाया घालवले.

गानगुरूचा आरसा

स्वरयंत्र डोळ्यांनी पाहण्याची कला रूढ झाली ती एका गाण्याच्या शिक्षकामुळे. मॅन्युएल गार्सिया या गानगुरूने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून आणि दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडून स्वतःचे स्वररज्जू पाहिले. आज नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालून काही मिनिटांत हेच काम होते. २०१८ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की मानेच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बसला असल्यास तपासणीस विलंब लावू नये.

तपासून करायचे काय? पुष्कळ वेळा दबलेला तंतू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सावरतो. तोपर्यंत वाचा-उपचारतज्ज्ञ श्वास, आवाज आणि गिळणे यांचे व्यायाम शिकवतात. या विद्येचे शिक्षण देणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून आहे. ठसका फार असेल तर लुळ्या स्वररज्जूत एक जिरणारे द्रव्य टोचून त्याला फुगवतात, म्हणजे दुसऱ्याला तो भेटतो आणि फट बुजते. वर्षभरातही तंतू सावरला नाही, तर जपानचे नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ साली मांडलेली शस्त्रक्रिया आहे. कंठाच्या कूर्चेत लहानशी खिडकी पाडून तीतून स्वररज्जूला आत सरकवून ठेवतात. म्हणजे दारे बंद झालेली नाहीत. ती वेळेवर ठोठावावी लागतात, इतकेच.

आधी काय विचारावे?

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. सही करण्यापूर्वी शांतपणे विचारावे: शस्त्रक्रिया पुढूनच का, मागून करता येणार नाही का? मागच्या वाटेने गळ्याला धक्का कमी लागतो, पण स्नायू अधिक दुखावतात आणि प्रत्येक रोग्याला ती वाट चालत नाही. किती गाद्या काढणार? हाड जुळण्यासाठी काय वापरणार? हाड वाढवणारे एक कृत्रिम प्रथिन मानेत वापरल्यास गळ्याला जीवघेणी सूज येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २००८ च्या जुलैमध्ये दिला होता.

गायक, कीर्तनकार, वकील, शिक्षक, भाजीची हाळी देणारा, बसमध्ये तिकिटे फाडणारा, ज्याचा धंदा गळ्यावर आहे त्याने तसे डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. आणि ज्यांच्या गळ्याची पूर्वी एखादी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तर आधी स्वररज्जू तपासून घेतल्याशिवाय राहू नये. एक स्वररज्जू लुळा असूनही दुसरा त्याची उणीव भरून काढतो, आणि माणसाला पत्ताही नसतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूने चिरा देऊन दुसराही दुखावला, तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो.

घरी काय करावे?

रोग्याला ताठ बसवून जेवू घालावे. घास लहान, घोट लहान, घाई नाही. मऊ भात-वरण, खिमट, पेज, कुस्करलेले केळे ही पहिल्या दिवसांची पथ्ये. चिवडा, चकली, कोरडी भाकरी यांना थोडे दिवस दूर ठेवावे. यंदाच्या फराळाचे ताट समोर आले तरी आग्रह करू नये. हा आग्रह पुढच्या दिवाळीसाठी राखून ठेवावा. मोठ्या गोळ्या गिळवत नसल्या तर परस्पर कुटू नयेत, डॉक्टरांना विचारावे. खाकरून घसा साफ करू नये, आणि कुजबुजत बोलणे म्हणजे आवाजाला विश्रांती असे समजू नये. जोर लावून कुजबुजल्यानेही स्वरयंत्रावर ताण पडतो.

काही लक्षणे मात्र घड्याळाकडे न पाहता इस्पितळ गाठायला लावणारी आहेत. गळ्याची सूज भरभर वाढणे, श्वास घेताना घरघर किंवा धाप, स्वतःची थुंकीही गिळता न येणे. पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्त साकळले तर श्वासनलिका दबू शकते. तेथे मिनिटे मोलाची असतात. ताप आणि गिळताना वाढती वेदना, किंवा ताप आणि खोकला, हेही लगेच कळवावे.

एवढे वाचून कुणी शस्त्रक्रियेलाच भ्यावे, असा माझा हेतू नाही. दबलेला मज्जारज्जू वेळेवर मोकळा झाला नाही तर माणूस हळूहळू हातापायांनी परावलंबी होतो. त्यापुढे काही आठवड्यांचा बसका आवाज परवडला. पण 'परवडला' हे आधी ठाऊक असताना म्हणणे निराळे, आणि मागाहून एकट्याने सोसणे निराळे. दुखणे अंगावर काढणे हा आपल्या घरांतला जुना गुण आहे, आणि ज्याचा आवाजच बसला आहे तो तर ओरडून सांगूही शकत नाही. त्याच्या वतीने घरातल्या कुणीतरी बोलले पाहिजे.

या दिवाळीत आपल्या घरी असा कुणी रोगी असेल, तर एवढेच करा. त्याच्या पानाशेजारी बसा, त्याचा घास संपेपर्यंत उठू नका, आणि पाण्याचा घोट घेताना त्याला ठसका लागतो का, ते पाहा. लागत असेल, तर पाडव्याची वाट पाहू नका.